येतो म्हना

घरातून बाहेर पडायला माझ्या वडिलांना निदान पाच मिनिटं लागायची, आणि ती पाच मिनिटं काही चपला शोधण्यात जात नसत. अण्णा उंबऱ्यात उभे राहायचे, डबा काखेत मारायचे आणि आत चुलीपाशी बसलेल्या आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "जातो गं." आपल्याकडे घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. शेंबड्या पोरालाही ते कळतं आणि अण्णांनाही ते चांगलं ठाऊक होतं. आतून आई म्हणायची, "येतो म्हना." "जातो म्हटल्यानं काय होतंय?" "काय बी होत न्हाई. येतो म्हना." "बरं बाई, येतो. भाकरी करपाय लागली बघ तुझी." भाकरी करपलेली नसायचीच, तरी आई दचकून तव्याकडे बघायची, आणि तेवढ्यात अण्णा गल्लीच्या तोंडाशी पोचलेले असायचे. हे रोज. पहिल्या पाळीला सकाळी, दुसऱ्या पाळीला दुपारी, आणि सुट्टीच्या दिवशी नुसते न्हाव्याकडे निघाले तरीही. लग्नानंतर पहिल्यांदा कामावर जाताना ते असं म्हणाले तेव्हा आई खरोखर घाबरली होती. तिची ती घाबरलेली मुद्रा बघून अण्णांना जो खेळ सापडला तो त्यांनी पुढे साठ वर्षं सोडला नाही.

अण्णांना जाऊन आज एकवीस दिवस झाले. मी माझ्या आठवणी लिहिते आहे, त्यात क्रमाने जायचं तर या प्रकरणात माझ्या डी.एड.च्या दिवसांबद्दल यायला हवं होतं, पण दुसरं काही सुचत नाही. मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात आणि जाताना म्हणतात, "तुम्ही मोठ्या धीराच्या हो, सुमनताई." धीर कसला डोंबलाचा. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, हात लावला की आहे एवढंच कळतं, तसं सगळं झालं आहे. मी चहा करते, औषधं घेते, दूधवाल्याशी भांडतेसुद्धा. तेव्हा जे आठवतं ते जसंच्या तसं लिहून काढते, त्यात कुठे काही दुखलं तर बरंच होईल.

तेव्हा चिखली हे गावच होतं. आता जिथे आईचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे तिथेच आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे ओटा, मागे गोठ्यात एक म्हैस आणि म्हशीच्या पलीकडे कांद्याचा एक तुकडा. (इमारत झाल्यावर अण्णा नवीन वॉचमनला गाडी लावायच्या जागेत नेऊन सांगायचे, "इथं म्हैस बांधायचो मी. लाथ मारायची. जरा जपून उभा राहा." तो बिचारा बिहारी माणूस खरंच दोन पावलं सरकायचा.) चुलत्यांमध्ये वाटण्या होऊन आमच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर भागत नव्हतं, म्हणून अण्णा पिंपरीच्या बाजूला एका कंपनीत प्रेस शॉपला लागले होते. दिवसभर पत्र्यावर मशीन आपटत राहायचं, त्यामुळे त्यांना थोडं कमी ऐकू यायचं. ते ओरडून बोलत, मग आम्हीही ओरडून बोलत असू, आणि नव्या माणसाला वाटायचं की या घरात सदा भांडणच चालू आहे. घरात मी एकटीच. आईच्या हातची मेथीची भाजी अण्णांना जीव की प्राण होती. आई मेथी निवडायला बसली की तेही समोर मांडी घालून बसायचे. मदतीला नव्हे, निवडलेल्या पानांत गुपचूप काड्या परत टाकायला. आई त्यांच्या हातावर चापट मारायची. मग दोघं हसायची, आणि मी तिथे असूनही त्यांच्या लेखी नसायचे. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता एवढं लिहिताना थांबून पाहिलं, काही वाटतं का ते. नाही.

शनिवारी ते नाक्यावरून भेळ आणायचे. भेळ खाण्यापेक्षा त्यांना तिच्या कागदाची ओढ होती. पुडा सोडवायचा, भेळ परातीत ओतायची, तेलकट कागद ओट्यावर दिव्यासमोर धरायचा आणि वर्ष-दोन वर्षांपूर्वीची फाटकी बातमी आजची म्हणून खणखणीत आवाजात वाचायची. जिथे कागद संपायचा तिथून पुढची बातमी अण्णा स्वतः रचत. कुठल्याशा मंत्र्याचा दौरा आमच्या गल्लीत यायचा, मंत्री म्हशीच्या शेणावर घसरायचे आणि शेजारच्या दत्तूकाकांना त्याबद्दल पदक मिळायचं. दत्तूकाका अण्णांच्याच कंपनीत, त्याच बसने जाणारे. शेजारपाजारची पाच-सात माणसं शनिवारी आपापली कामं आवरून आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि विचारत, "आज भेळीत काय आलंय, अण्णा?"

मी बारावीत गणितात नापास झाले त्या आठवड्यात आई घरी नव्हती. तिची आई आळंदीला राहायची, ती घाटाच्या पायरीवरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. निघताना आईने मला सगळं समजावून सांगितलं: म्हशीला कडबा किती, डब्यात मीठ किती, दळण कधी टाकायचं. एसटीची वेळ झाली तरी ती दारात घुटमळत होती. मग म्हणाली, "आन् त्यांनी जातो म्हटलं की येतो म्हना म्हनायचं. इसरू नको." मी म्हटलं, "तू काय येडी का खुळी?" आई म्हणाली, "आसंन. तू म्हन." पहिले तीन दिवस मी म्हटलं. मला गंमतच वाटत होती. इतकी वर्षं जो खेळ मी चुलीआडून ऐकत होते त्यात मला घेतलं होतं, आणि अण्णाही आईशी लढवायचे तेवढेच डावपेच माझ्याशी लढवत होते. तव्याकडे बघायला लावणं, सगळं सगळं.

शनिवारी निकाल लागला. माझी मैत्रीण शैला पास झाली, मी राहिले. अण्णा दुपारी घरी आले, मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. संध्याकाळी त्यांनी भेळ मात्र आणलीच. ओट्यावर नेहमीची माणसं जमली होती, शैलाही तिच्या आईबरोबर पेढे द्यायला आली होती, आणि अण्णांनी कागद दिव्यासमोर धरला. "चिखली, आमच्या बातमीदाराकडून. येथील कन्या कुमारी सुमन हिने गणितास नापास केले असून, गणिताची प्रकृती चिंताजनक आहे. त्यास भेटावयास कुणी जाऊ नये." सगळे हसले. शैला पेढ्यांचा डबा तोंडापुढे धरून हसली. आज ते लिहिताना मलाच हसू येतं. त्यात माझी बाजू घेतली होती, नापास मी झाले नव्हते, गणित झालं होतं. पण सतरा वर्षांच्या पोरीला ते कळत नाही. मी आत गेले आणि आतून कडी घातली. अण्णांनी बराच वेळ दाराशी उभं राहून वेगवेगळ्या आवाजांत माझी मनधरणी केली, अगदी म्हशीच्याही. मी कडी काढली ती सगळे गेल्यावर, आणि बोलायचं नाही असं ठरवूनच.

रविवार अबोल्यात गेला. सोमवारी पहिली पाळी होती. मी भाकरी थापत होते. अण्णांनी डबा काखेत मारला, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "जातो गं, सुमे."

मी थापत राहिले.

"सुमे, जातो म्हटलं."

भाकरी गरजेपेक्षा पातळ झाली, तरी मी थापतच होते. अण्णा बाहेर गेले, चार पावलं वाजवली आणि परत येऊन दारातून नुसतं डोकं आत घातलं. "खरंच जातो हां." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. हसत होते, पण भुवया वर धरलेल्या, वाट बघत. नाक्यावर कंपनीच्या बसने दोन हॉर्न दिले.

मी म्हटलं, "जा."

त्यांच्या भुवया खाली आल्या. "बरं," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या पळण्याचा आवाज आला. बस सुटायला आली होती.

साडेअकराच्या सुमाराला दत्तूकाका आले. त्यांच्या हातात अण्णांचा डबा होता, न उघडलेला. ते ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "घाबरू नको, पोरी. हाताला जरा लागलंय त्याच्या. आमी न्हेलंय दवाखान्यात. तुझ्या आईला सांगावा धाडलाय." किती लागलंय असं मी विचारलं. ते म्हणाले, "दोन बोटं." आधी मला वाटलं, दोन बोटं रुंदीची जखम. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुमडून दाखवलं. मी आत जाऊन डबा उघडला. सकाळची पातळ भाकरी होती, कडेला चटणी. डबा मी तसाच लावून ठेवला.

पुढे मी शिक्षिका झाले, चार पुस्तकं वाचली, आणि ते मशीन कसं चालतं तेही दत्तूकाकांना विचारून घेतलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी, लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन खाली येतं. म्हणजे एकही हात आत राहू नये. पण तसं केलं की दिवसाचं ठरलेलं काम पुरं होत नाही, म्हणून सगळेच एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवत. डाव्या हाताने दुसरं बटण दाबायचं आणि उजव्याने पत्रा सरकवायचा. साहेबाला माहीत असायचं, तो दुसरीकडे बघायचा. अण्णांची बोटं त्या पाचरीने गेली. मी शाळेत तीस वर्षं मुलांना सांगितलं की कारण आणि परिणाम यांची जोडी नीट लावायला शिका. मला माझी जोडी लावता येते. पण 'जा' म्हटल्यावर त्या भुवया खाली आल्या होत्या, आणि पत्रा सरकवताना त्यांचं लक्ष कुठे होतं हे दत्तूकाकांना काय ठाऊक.

आई तिसऱ्या प्रहरी थेट दवाखान्यात आली. अण्णा बँडेज केलेला हात उशीवर ठेवून पडले होते. तिला बघून म्हणाले, "काय न्हाई गं. साहेबानं दोघांना सेकंड शिफ्टला थांबवून घेतलंय." आई हसली नाही. कोपऱ्यात मी उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सकाळचं मी कुणालाच सांगितलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

दोन महिन्यांनी ते परत कामावर निघाले. उंबऱ्यात उभे राहिले, डबा डाव्या काखेत. "जातो गं." आईचा आवाज आला, "येतो म्हना." जरासा कापरा, पण आला. खेळ पहिल्यासारखा सुरू झाला. त्याच आठवड्यात एकदा आई गिरणीत गेली होती आणि चुलीपाशी मी होते. अण्णा उंबऱ्यात आले तसे माझ्या घशात शब्द तयार होते, दोन महिने तयारच होते. अण्णा म्हणाले, "येतो गं, सुमे." सरळ. आणि गेले. मी तव्याकडे बघत राहिले. त्या दिवशी खरोखर करपली.

त्यानंतर अण्णांनी मला कधीही जातो म्हटलं नाही. कधीही म्हणजे कधीही. माझं लग्न होऊन मी चिंचवडला गेले, ते दर रविवारी चाकणच्या बाजारातला कांदा पिशवीत घालून माझ्याकडे यायचे. माझा मुलगा ओंकार झाल्यावर तर त्यांना रान मोकळं मिळालं. त्याला ते उजवा हात दाखवायचे आणि मोजायला लावायचे. "तीन इथं हायती, दोन सेकंड शिफ्टला गेलीत, रात्री उशिरा येत्यात, तू झोपलेला असतोस." ओंकार पाच वर्षांचा होईपर्यंत ते खरं मानत होता, एकदा आजोबांच्या बोटांसाठी त्याने शंकरपाळे झाकून ठेवले होते. व्हिडिओ कॉलवर ते आख्खा वेळ कॅमेरा स्वतःच्या टकलावर धरायचे आणि विचारायचे, "दिसतोय का चांद?" आई गुडघ्याने अधू झाल्यावर तिची वेणी तेच घालायचे, तीन बोटांनी, वाकडी, आणि म्हणायचे की सध्या हीच फॅशन चालू आहे. माझ्या घरून निघताना दारात उभं राहून ते ओंकारला म्हणायचे, "जातो रे, भावा." ओंकार आतून धावत यायचा, "येतो म्हणा, आजोबा!" तव्याचा डाव, पिशवी विसरल्याचा डाव, सगळं रीतसर व्हायचं. मग माझ्याकडे वळून, सरळ आवाजात, "येतो, सुमे."

त्यांनी मला माफ केलं होतं म्हणून माझी वाट सोपी करत होते, की पुन्हा तो प्रसंग नको म्हणून भीत होते, की मला खेळातून काढून टाकलं होतं? मी विचारू शकत होते. मोठी बाई होते, शाळेत सत्तर पोरं माझ्यापुढे गप्प बसायची. पण दर रविवारी त्यांच्या चपला पायात सरकेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत राहायचे, आज म्हणतील का, आणि ते म्हणायचे नाहीत. चाळीस वर्षं माणूस अशा क्षुल्लक गोष्टीची वाट बघतो, हे लिहिताना लाज वाटते.

यंदा ओंकारला चाकणला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. चिखलीहून जवळ म्हणून तो आजी-आजोबांकडेच राहायला गेला, आणि अण्णा गॅलरीतून कंपनीच्या बसचा हॉर्न तोंडाने वाजवून त्याला पळवायचे. बस आलेली नसायची. महिनाभर ते चाललं. मग एका दिवशी जिन्यात त्यांना धाप लागली आणि छातीत दुखलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करावं लागेल, वय पाहता सांगता येत नाही. ओंकार घरी आजीजवळ थांबला, तिला पायऱ्या उतरवत नाहीत. दवाखान्यात मी होते.

सकाळी त्यांना न्यायला माणसं आली. दातांची कवळी माझ्या हातात, चष्मा माझ्या हातात. कवळीशिवाय अण्णांचा चेहरा लहान झाला होता. स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं, लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती, म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. मी त्यांच्या पांघरुणाचं टोक नीट करत होते. अण्णांनी मान वळवली.

"जातो, सुमे."

कवळी नव्हती, त्यामुळे शब्द पिचका आला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. भुवया वर धरलेल्या होत्या.

शाळेत तीस वर्षं मी ण आणि न घोटून घेतले, घरातही शुद्ध बोलते म्हणून ओंकार मला चिडवतो. तोंडातून मात्र जसं यायचं तसंच आलं. "येतो म्हना, अण्णा."

"जातो म्हटल्यानं काय होतंय?"

"काय बी होत न्हाई. येतो म्हना."

"बरं बाई, येतो," ते म्हणाले, आणि माझ्या मागे बोट दाखवलं. "दूध उतू चाललंय बघ."

मी मागे वळून पाहिलं. दवाखान्याचा कॉरिडॉर होता, भिंतीला लावलेली रिकामी व्हीलचेअर होती. परत वळले तोवर लिफ्टचं दार लागत होतं आणि फटीतून त्यांचा तीन बोटांचा हात दिसला. स्ट्रेचर ढकलणारा माणूस हसत होता.

अकराच्या आसपास डॉक्टर बाहेर आले. त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं, सह्या कुठे करायच्या तेही कळलं. मी केल्या. अक्षर चांगलं आलं. ओंकारला फोन करून सांगितलं, आजीला तूच सांग, मी येतेय. कवळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि रिक्षा केली. सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, चिखलीत कुठे, तर मी त्याला जुन्या घराचा पत्ता सांगितला, म्हशीच्या गोठ्यासकट. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा पुढे काढली.

आई पलंगावर बसली होती. मांडीवर परात, परातीत अर्धी निवडलेली मेथी. ते घरी आल्यावर लागेल म्हणून सकाळीच मागवलेली. ओंकार खाली फरशीवर बसून रडत होता. आई रडत नव्हती. अण्णांनी आदल्या दिवशी घातलेली वाकडी वेणी तिच्या खांद्यावर तशीच होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मला जवळ घेतलं नाही, मीही तिला घेतलं नाही. तिने विचारलं, "जाताना काय म्हनले?"

"जातो म्हणाले."

तिचा मेथीतला हात थांबला. "कुनाला? तुला?"

"मला."

तिने माझ्याकडे वळून नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या विषयावर तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग या टायमाला म्हनलीस ना?"

सोमवारची ती सकाळ, ती पातळ भाकरी, माझं 'जा'. अण्णांनी तिला सगळं सांगितलं होतं, बहुधा त्याच दिवशी, दवाखान्यात. आणि तिने ते चाळीस वर्षं माझ्यापुढे एका अक्षरानेही काढलं नव्हतं.

"म्हटलं," मी म्हणाले.

"मग झालं," आई म्हणाली, आणि निवडलेल्या मेथीत पडलेली एक काडी उचलून तिने बाजूला ठेवली.